वधस्तंभाचे चित्र बदलू शकते, दिशा नाही: प्रायश्चित्ताची शिकवण आणि वेगवेगळे समाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शिकवताना ‘येशूने आपल्या पापांची शिक्षा स्वतःवर घेतली’ हे वाक्य काहींच्या मनाला लगेच भिडते. काहींना ते कोरडे वाटते. आणि काही जण सरळ विचारतात, निरपराध्याला शिक्षा करून अपराध्याला सोडणारा देव न्यायी कसा? प्रायश्चित्ताची, म्हणजे येशूच्या मरणाने तारण घडते ही, शिकवण एकच असताना असे का होते, आणि समोरच्याच्या संस्कृतीप्रमाणे ती वेगळ्या तऱ्हेने मांडली तर आपण तिच्यात भेसळ करतो का?

मी बरीच वर्षे निरनिराळ्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ख्रिस्ती सिद्धांत शिकवत आलो आहे, आणि हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. आधी उत्तर देतो, मग कारणे. वेगळी मांडणी म्हणजे भेसळ नव्हे. वधस्तंभ समजावण्याचे चित्र बदलू शकते. बदलता कामा नये ती त्या चित्रातली दिशा: कोण कोणाकडे चालत येतो, आणि किंमत कोण मोजतो.

पुष्कळ जुन्या ख्रिस्ती मंडळींनाही एक गोष्ट माहीत नसते. येशूच्या मरणाने तारण नेमके कसे घडते, याची एकच एक व्याख्या सार्वत्रिक मंडळीने कधीही ठरवून दिलेली नाही. येशू कोण, याबद्दल निकेया (325), कॉन्स्टँटिनोपल (381) आणि खाल्सेदोन (451) येथील परिषदांनी शब्द न् शब्द तोलून निर्णय दिले. त्याच्या मरणाबद्दल मात्र विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळीने ठरवलेल्या विश्वासाच्या कबुलीत, इतकेच येते की तो आपल्या तारणासाठी उतरला आणि पंतय पिलाताच्या वेळी आपल्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला. ‘आपल्यासाठी’ म्हणजे कसे, हे तिथे उलगडलेले नाही. नव्या करारात ते उलगडलेले आहे, पण तिथेही एका सूत्रात बांधलेले नाही. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली 24 आणि 25 ही दोन वचने पाहा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल एका दमात तीन ठिकाणची भाषा वापरतो: नीतिमान ठरवणे ही न्यायालयातली, खंडणी भरून सोडवणे ही गुलामांच्या बाजारातली, आणि रक्ताने होणारे प्रायश्चित्त ही मंदिरातली. कलस्सैकरांस पत्रात तो रणांगणावर जातो. तिथे ख्रिस्त सत्तांना निःशस्त्र करून त्यांची उघड धिंड काढतो. इफिसकरांस पत्रात दोन समाजांमधली आडभिंत पाडली जाते. परंपरेनुसार हे सगळे लिहिणारा माणूस एकच आहे, हे लक्षात घ्या. एक चित्र पुरेल असे त्यालाच वाटले नाही.

पुढच्या शतकांत प्रत्येक काळाने यातले एखादे चित्र उचलून पुढे धरले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियोंचा बिशप इरेनियस सांगत होता की आदाम जिथे जिथे घसरला तिथे तिथे ख्रिस्त तीच वाट पुन्हा, पण आज्ञापालनाने चालला, आणि म्हणून मानवजातीचा नवा मस्तक झाला. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी खंडणीच्या चित्रात इतका खोल गेला की त्याने गळाचे उदाहरण दिले: येशूचे मानवी शरीर हे आमिष, आत दडलेले देवत्व हा गळ, आणि सैतान त्याला गिळायला गेला आणि अडकला. त्याच पिढीतला नाझियान्झसचा ग्रेगरी यावर संतापला. खंडणी दिली कोणाला, असे त्याने विचारले. सैतानाला? दरोडेखोराला देवाने किंमत चुकवायची? मग पित्याला? पण आपल्याला बंदी तर त्याने केले नव्हते. चित्र ताणले की कुठे तुटते, हे इतक्या लवकर मंडळीला कळले होते.

कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने 1098 मध्ये ‘देव माणूस का झाला’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला तेव्हा त्याच्या भोवतीच्या युरोपात सरंजामी व्यवस्था होती. तिथे अपमानाचे वजन ज्याचा अपमान झाला त्याच्या प्रतिष्ठेवरून ठरे. देवाच्या प्रतिष्ठेला अंत नाही, म्हणून माणसाचे देणे माणसाच्या आवाक्याबाहेर. फेडायला हवे माणसाने, फेडू शकतो फक्त देव. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही आहे तोच हे करू शकतो. अन्सेल्मवर आजकाल बरीच टीका होते, आणि त्यातली बरीचशी त्याला न वाचता केलेली असते. त्याच्या मांडणीत येशूला शिक्षा होतच नाही. शिक्षा किंवा भरपाई असे दोन मार्ग आहेत, आणि येशू भरपाई करतो म्हणून शिक्षा टळते. ‘आपली शिक्षा येशूने भोगली’ हे चित्र पूर्ण आकाराला आले ते पुढे, सोळाव्या शतकात. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याने ऑर्लेआँ आणि बूर्झ येथे कायद्याचे शिक्षण घेतले होते, आणि त्याच काळात, 1532 मध्ये, सम्राट पाचव्या चार्ल्सची फौजदारी संहिता लागू झाली होती. गुन्हा, खटला, निकाल, शिक्षा ही भाषा त्या समाजाच्या तोंडी होती.

यावरून कोणी म्हणेल की ही सगळी त्या त्या काळाची कल्पना. मला तसे वाटत नाही. कॅल्व्हिनने यशयाचा 53 वा अध्याय लिहिला नव्हता. ‘आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला’ हे ख्रिस्ताच्याही कितीतरी आधीपासून तिथे आहे. गलतीकरांस पत्रात ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला, हेही आहे. समाज चित्र निर्माण करत नाही. शास्त्रात आधीपासून असलेल्या चित्रांपैकी कोणते ठळक दिसेल, हे तो ठरवतो. आणि कोणते दिसणार नाही, हेही.

इथे मिशनकार्याचा अभ्यास करणारे एक त्रिकूट वापरतात. यूजीन नायडा या भाषाशास्त्रज्ञाने 1954 मध्ये नोंदवले की नियम मोडल्यावर माणसे तीन प्रकारे हादरतात: भीतीने, लाजेने किंवा अपराधीपणाने. पुढे त्यावरून समाजांचे तीन गट पाडायची पद्धत पडली. मी हे वर्गात सांगतो, पण लगेच उत्पत्तीचा तिसरा अध्याय उघडतो. आदाम म्हणतो, मी नग्न आहे म्हणून मला भीती वाटली व मी लपलो. नग्न, म्हणजे लाज. भीती तर त्याने तोंडानेच सांगितली. आणि लगेच स्त्रीवर बोट दाखवतो, तो अपराधीपणा. पहिल्याच पापात तिन्ही आहेत. म्हणून ‘हा समाज लाजेचा, तो अपराधाचा’ असे शिक्के मारू नका. फक्त कोणती जखम आधी ठसठसते एवढे पाहा.

लाजेची जखम मी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या वर्गातल्या ‘कोरडे वाटते’ म्हणणाऱ्यांचे उत्तर बहुधा इथे आहे.

जेझुइट या कॅथलिक संघाचा इटालियन मिशनरी मत्तेओ रिची 1600 मध्ये बीजिंगच्या वाटेवर असताना तियान्जिन येथे मा तांग नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने त्याचे सामान उलगडले. त्यात लाकडात कोरलेली, जखमांवर रक्त रंगवलेली वधस्तंभावरील येशूची मूर्ती निघाली. मा तांग ओरडला की हा सम्राटाला मारण्यासाठी केलेला जादूटोणा आहे. रिचीने पुढे स्वतःच लिहून ठेवले की त्या क्षणी ‘हा आमचा देव आहे’ असे सांगणे त्याला अवघड वाटले. आमच्या देशातला हा एक थोर संत, त्याने हे दुःख सोसले, असे काहीसे सांगून त्याने वेळ निभावली. रिची भित्रा नव्हता. त्याला ठाऊक होते की समोरचा माणूस ही मूर्ती पाहून ‘किती हे प्रेम’ असे म्हणणार नाही. ‘हा कोणत्या गुन्ह्यासाठी मारला गेला’ असेच म्हणेल. साठेक वर्षांनी यांग ग्वांगश्यान या ख्रिस्तीविरोधी विद्वानाने नेमके तेच केले. त्याने वधस्तंभाची चित्रे आपल्या पुस्तकात छापली, आणि हे लोक ज्याला भजतात तो कायद्याने देहदंड झालेला गुन्हेगार होता, हे वाचकांना डोळ्यांनी पाहू दिले.

आपण याला परकेपणाचा गैरसमज म्हणून झटकू शकत नाही, कारण सुरुवातीच्या शतकांतला रोमही हेच म्हणत होता. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीवर खरडलेले एक चित्र सापडले, साधारण सन 200 च्या सुमाराचे. वधस्तंभावर गाढवाचे डोके असलेला माणूस, खाली हात वर केलेला एक जण, आणि शेजारी ओबडधोबड ग्रीकमध्ये लिहिलेले: अलेक्झामेनोस आपल्या देवाला भजतो. वधस्तंभ ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. तिचा हेतू जीव घेण्याइतकाच माणसाची लाज घेण्याचा होता: उघडे करून, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. आपल्या गळ्यातल्या सोन्याच्या क्रुसाने हे आपल्याला विसरायला लावले आहे. ज्यांना वधस्तंभाची लाज वाटते त्यांना तो आपल्यापेक्षा अधिक नीट दिसतो, असे मला खरोखर वाटते.

आता अशा माणसाला ‘तुझी शिक्षा माफ झाली’ एवढेच सांगून पाहा. ज्याला अपराध टोचतो तो म्हणतो, माझ्या हातून वाईट घडले. ज्याला लाज टोचते तो म्हणतो, मीच वाईट आहे, आता माझे तोंड कोणी पाहू नये. खटला मागे घेतल्याने पहिल्याचा भार उतरतो. दुसऱ्याची मान खालीच राहते. त्याला आपल्याला कोणीतरी पुन्हा आपले म्हटलेले हवे असते, तेही चारचौघांत.

नवा करार याबद्दल मुका नाही. इब्री लोकांस पत्र म्हणते की येशूने लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सहन केला. तेच पत्र सांगते की तो वेशीबाहेर मारला गेला, म्हणजे जिथे अशुद्ध आणि टाकलेले ठेवतात तिथे. लाजिरवाण्यांना आत आणण्यासाठी तो बाहेर गेला. आणि पुनरुत्थान म्हणजे देवाने सर्वांदेखत दिलेला निर्वाळा: ज्याला तुम्ही हिणवले तो माझा पुत्र आहे. शिक्षेच्या चित्रात पुनरुत्थान कधी कधी पुरवणीसारखे उरते, कारण शिक्षा तर शुक्रवारीच भोगून झाली. लाजेच्या चित्रात रविवारावाचून काहीच पुरे होत नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला इथे फार उपयोगी पडतो. केनेथ बेली हे अभ्यासक कित्येक दशके मध्यपूर्वेत राहिले आणि तिथल्या खेड्यांतल्या माणसांबरोबर त्यांनी हा दाखला वाचला. तिथे त्यांना मुस्लिम मित्रांकडून एक चोख आक्षेप ऐकू येई: या गोष्टीत वधस्तंभ कुठे आहे? मुलगा परत आला, बापाने क्षमा केली, संपले. मग देवाला मध्ये मरण कशाला लागते? बेलींचे उत्तर गोष्टीतच होते. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे बापाच्या मरणाची वाट पाहणे. मुलगा भिकेला लागून परतला तर गावाने त्याला वेशीवरच हिणवले असते. आणि अशा वेळी बाप धावतो. त्या समाजात वडीलधारा, प्रतिष्ठित माणूस कधी धावत नाही; झगा वर उचलून पाय उघडे टाकत धावणे म्हणजे हसे करून घेणे. मुलाच्या वाट्याला जे हसे यायचे ते बाप गावासमोर स्वतःवर ओढून घेतो. मुलाने घोकून आणलेले ‘मला मजूर म्हणून ठेवा’ हे वाक्य तो पुरेही होऊ देत नाही. वधस्तंभ त्या धावण्यात आहे. हे उत्तर ऐकल्यावर हा दाखला मला पूर्वीसारखा वाचताच आलेला नाही.

भीतीच्या जखमेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मंडळीचा सर्वांत जुना आवाज स्पष्टच आहे. जिथे माणसे शाप, भूतपिशाच आणि मृत्यू यांच्या धाकात जगतात, तिथे ख्रिस्त मरणावर सत्ता असलेल्या सैतानाला मरणानेच शून्यवत करायला आला, हे इब्री लोकांस पत्राचे वाक्य न्यायालयाच्या भाषेपेक्षा आधी पोहोचते. आफ्रिकेतील अनेक मंडळ्यांची उपासना याच सुरात चालते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीने हा सूर कधी सोडलाच नाही. तिथले पुनरुत्थानाचे चित्र पाहा: ख्रिस्त मोडून पडलेल्या दारांवर उभा आहे, पायाखाली कुलपे आणि किल्ल्या विखुरल्या आहेत, आणि तो आदाम व हव्वा यांना मनगटाला धरून थडग्यांतून वर ओढतो आहे. बहुतेक चित्रांत त्यांनी त्याचा हात धरलेला नसतो. त्याने त्यांचे मनगट पकडलेले असते. पश्चिमेत हे चित्र मागे पडले होते. स्वीडनचे धर्मविचारक गुस्ताफ आउलेन यांनी 1930 मध्ये त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. याचा धोका मात्र ओळखून असा. विजयाचे चित्र एकटे पडले की शत्रू नेहमी बाहेर असतो, माझ्या आत कधीच नसतो. मग पश्चात्ताप मागे पडतो आणि विश्वास म्हणजे संकटांवरचा तोडगा होऊन बसतो.

आता तुमच्या वर्गातला तिसरा माणूस, जो न्यायाचा प्रश्न विचारतो. त्याच्यामागे बहुधा एक पक्की नैतिक दृष्टी असते: ज्याचे त्याने भोगावे. कर्मसिद्धांत हेच म्हणतो. कुराणातही (6:164) कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे आहे. आणि बायबलमध्ये यहेज्केल (18:20) सांगतो की जो जीव पाप करील तोच मरेल. म्हणजे या माणसाने देवाच्या न्यायाचा मान राखला आहे, त्याला आडमुठा समजू नका. कर्माच्या चौकटीत तर आणखी एक गाठ बसते: ज्याने इतके भोगले त्याचेच काहीतरी पूर्वसंचित असणार. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे पाहून हाच प्रश्न विचारला होता, याने पाप केले की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून जे 18 जण मेले ते इतरांहून पापी होते का, यावरही त्याने ‘नाही’ म्हटले. वधस्तंभाकडे येण्याआधी ही दोन ठिकाणे वाचून घ्या.

मग मूळ आक्षेप. न्यायाधीशाने आरोपीला सोडून रस्त्यावरच्या भलत्याच निरपराध माणसाला फासावर चढवले, तर तो अन्यायच. शिकवण तशी असती तर मीही ती नाकारली असती. पण तिच्यात भलता तिसरा माणूस नाहीच. ज्याने सोसले तो स्वतः तो आहे ज्याच्याविरुद्ध पाप झाले. ‘देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता’ हे पौलाचे वाक्य (2 करिंथ 5:19) घट्ट धरा. बुडीत कर्ज माफ करणारा सावकार तो तोटा स्वतःच्या पेटीतून भरतो. तोटा नाहीसा होत नाही, तो कोणीतरी उचललेला असतो. क्षमा फुकट नसते, ती क्षमा करणाऱ्याला महाग पडते. ‘संतापलेला पिता, आणि मध्ये पडून त्याला शांत करणारा प्रेमळ पुत्र’ असे चित्र व्यासपीठावरून सर्रास रंगवले जाते. ते पित्याला आणि पुत्राला एकमेकांविरुद्ध उभे करते, आणि मी वर म्हटलेली दिशा उलटी करते. असे ऐकलेल्या माणसाने आक्षेप घेतला तर दोष आपल्या शिकवणीचा आहे.

ही दिशा ओळखायला मला सामोआ बेटांवरच्या एका रिवाजाची फार मदत झाली. तिथे खून किंवा तसाच गंभीर गुन्हा झाला की गुन्हेगाराच्या कुळाचा प्रमुख इफोगा करतो. उजाडण्यापूर्वी तो पीडित कुटुंबाच्या घरासमोर जाऊन बसतो, मान खाली, आणि अंगावर बारीक विणलेली मौल्यवान चटई पांघरलेली. गुन्हा त्याने केलेला नसतो. पण कुळाची लाज तो आपल्या अंगावर घेऊन आलेला असतो, आणि पीडितांचा राग अनावर झाला तर जीवही जाऊ शकतो हे त्याला ठाऊक असते. तो काही बोलत नाही, वाट पाहतो. घरातल्यांनी बाहेर येऊन ती चटई उचलली की समेट झाला, त्याला आत नेतात आणि बोलणी होतात. न उचलली तर तो तसाच बसून राहतो.

एकाने सर्वांच्या वतीने उभे राहणे, हे व्यक्तिवादी समाजात वाढलेल्यांना समजत नाही. सामोआतल्या माणसाला ते वेगळे समजावावेच लागत नाही. आदामात सर्व, ख्रिस्तात सर्व, हे रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले बोलणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आणि तरीही शुभवर्तमान इफोगाला उलटे करते. तिथे अपराध्याच्या बाजूचा माणूस पीडिताच्या दारी येतो. इथे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच अपराध्याच्या दारी येऊन चटईखाली बसतो. एका बाजूने ते सामोआच्या माणसाला घरचे वाटते, दुसऱ्या बाजूने चक्रावून टाकते. योग्य मांडणीत हे दोन्ही व्हायला हवे. फक्त घरचेच वाटले तर आपण त्या समाजाला त्याचीच गोष्ट परत ऐकवली. फक्त चक्रावूनच टाकले तर त्याच्यापर्यंत काही पोहोचलेच नाही.

हीच दिशा जुन्या करारातल्या यज्ञांतही आहे, आणि ती फार जणांच्या नजरेतून निसटते. लेवीय 17:11 मध्ये देव रक्ताबद्दल म्हणतो की प्रायश्चित्तासाठी ते मी तुम्हाला वेदीवर दिले आहे. मी दिले आहे. इतर अनेक यज्ञपरंपरांत माणूस देवाला काही देऊन त्याला वळवतो. इथे देण्याची सोयसुद्धा देवाकडून येते. हिंदू धर्मशास्त्रांतल्या प्रायश्चित्तांत कर्ता स्वतः उपवास, दान, तीर्थ करतो, आणि त्या गंभीरपणाचा मी आदर करतो. पण ख्रिस्ती शिकवणीत कर्ता पापी नाही, देव आहे.

न्यू गिनीतल्या सावी लोकांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिथे 1962 मध्ये गेलेले मिशनरी डॉन रिचर्डसन यांनी येशूची कथा सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांना येशूला पकडून देणारा यहूदा इस्कार्योत हा नायक वाटला, कारण मैत्री करून मग दगा देणे ही त्यांच्यात थोर कामगिरी होती. पुढे दोन वैरी गावांत समेट झाला तो एका बापाने आपले मूल शत्रूच्या हाती दिल्यावर. ते मूल जिवंत आहे तोवर शांतता टिकते, असा त्यांचा नेम होता. त्यातून रिचर्डसन यांना येशूबद्दल बोलायला वाट मिळाली. ही गोष्ट खूप ठिकाणी सांगतात आणि मग प्रत्येक समाजात अशी एखादी किल्ली दडलेली असणारच, असे गृहीत धरतात. तशी ती प्रत्येक ठिकाणी सापडत नाही, आणि ओढूनताणून शोधू नये. मला त्या गोष्टीत दुसरेच मोलाचे वाटते: मूल मेले तर शांतता संपते, म्हणून त्या लोकांना येशू पुन्हा उठला आणि जिवंत आहे हे ऐकणे अगदी निकडीचे होते.

एक विषय असा आहे जो मी पूर्वी वर्गाच्या शेवटी घेत असे आणि आता मुद्दाम मध्यावर घेतो. ही शिकवण सहसा पाप करणाऱ्याला समोर ठेवून सांगितली जाते. ज्याच्यावर पाप झाले त्याचे काय? कोरियातल्या ख्रिस्ती विचारवंतांनी हा प्रश्न जोराने मांडला. अन्याय सोसून मनात साकळून राहिलेल्या वेदनेला तिथे ‘हान’ म्हणतात, आणि अँड्र्यू संग पार्क यांनी 1993 मध्ये लिहिले की क्षमा ही पाप्याची गरज आहे, तर हानने ग्रासलेल्याला बरे होणे हवे आहे. दलित धर्मविचाराचा पाया घालणाऱ्या अरविंद निर्मळ यांनी ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या आक्रोशात टाकलेल्यांचाच आवाज ऐकला. अमेरिकेत जेम्स कोन यांनी 2011 मध्ये वधस्तंभ आणि कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारणाऱ्या झुंडी यांना शेजारी ठेवून वाचले. आणि डेलोरेस विल्यम्स यांनी 1993 मध्ये एक इशारा दिला जो प्रत्येक शिक्षकाने ऐकावा: ज्या स्त्रियांना पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या वाट्याचे सोसायला लावले गेले, त्यांना ‘दुसऱ्याच्या जागी सोसणे पवित्र आहे’ असे शिकवले तर आपण त्यांच्या साखळीला सोन्याचा मुलामा देतो. विल्यम्स यांचे सगळे निष्कर्ष मला मान्य नाहीत. येशूच्या मरणात तारण नाही, असे मी म्हणू शकत नाही. पण मारझोड सोसणाऱ्या बाईला ‘तुझा वधस्तंभ उचल’ म्हणून परत पाठवणारा सल्ला मी माझ्या कानांनी ऐकला आहे, आणि तो शुभवर्तमानाचा द्रोह आहे. येशूने स्वतः होऊन जीव दिला. कोणी तो हिरावून घेत नाही, असे त्याने योहानाच्या दहाव्या अध्यायात बजावले. जबरदस्तीने लादलेले सोसणे आणि हे, यांची गल्लत करू नका. आणि त्याने ते एकदाच व पुरेपूर केले. म्हणून आता कोणाच्या पापासाठी आणखी कोणी बळी व्हायची गरज उरलेली नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण देऊन मग तुमच्या वर्गाकडे येतो. रमाबाईंना 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा मिळाला. त्यांचे मन वळवायला सुरुवात झाली ती सिद्धांताने नव्हे. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनी कशी काळजी घेतात हे त्यांनी पाहिले, का घेतात असे विचारले, आणि उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांची भेट वाचून दाखवण्यात आली. ख्रिस्ताने आपल्याला पापांतून सोडवले आहे, हा वैयक्तिक भरवसा त्यांना त्यानंतर काही वर्षांनी आला, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. आधी लाजेतून उठवणारा येशू, मग पाप वाहणारा येशू. पुष्कळांच्या बाबतीत क्रम असाच असतो, आणि तो घाईने उलटवू नये.

तेव्हा वर्ग घेताना पहिल्या दिवशी व्याख्या देऊ नका. लूक 15, म्हणजे उधळ्या पुत्राचा दाखला, वाचा आणि विचारा: या घरात काय मोडले होते, आणि ते सांधण्यासाठी कोणाला काय सोसावे लागले? उत्तरांवरून कोणाला कोणती जखम आहे हे तुम्हाला कळेल. मग लेवीय 16, दोन बोकडांचा विधी: एकाचे रक्त पवित्रस्थानात नेले जाते, दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडतात. धुऊन काढणे आणि दूर नेणे, दोन्ही. त्यानंतर मार्क 15, वधस्तंभाचा वृत्तांत, पूर्ण, मध्ये काही न बोलता. रोमकरांस 3 शेवटी, आणि तेव्हा न्यायालयाची भाषा जरूर शिकवा. ज्यांना ती कोरडी वाटली होती त्यांनाही, कारण लाजेतून उठलेल्या माणसालाही कधीतरी कळावे लागते की त्याने कोणाचे तरी खरेच वाईट केले होते आणि त्याचा हिशेब झाला आहे. उलट, ज्यांना ती पहिल्या दिवसापासून पटली त्यांना इब्री 13 द्या, वेशीबाहेर जाण्याचा भाग. शिक्षा टळली यावर समाधान मानणारा माणूस त्या अध्यायात फार वेळ निवांत बसू शकत नाही. आणि न्यायाचा प्रश्न विचारणाऱ्याला वर्गातून गप्प करू नका. त्याला 2 करिंथ 5 वाचायला सांगा आणि पुढच्या आठवड्यात त्यानेच ते इतरांना समजावावे असे ठरवा.